चिन्नम्माची खडखड

गाडी बायकोची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला, चॅट्सवर्थच्या त्या चढावरच्या गल्लीत लाल गाडी म्हटली की ती तिलोशनी मुनसामीचीच. तिलोनं तिचं नाव ठेवलं होतं चिन्नम्मा, म्हणजे धाकटी मावशी. दिसायला गरीब गाय, पण एकदा सुटली की कुणाला ऐकायची नाही. तिलो इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. आठवडाभर सर्जनच्या हातात सुऱ्या-कात्र्या द्यायच्या, आणि महिन्यातून एका रविवारी शर्यतीच्या पट्टीवर जाऊन चिन्नम्माला असं सोडायचं की बघणाऱ्याच्या हातातला चहा सांडावा. तिचा नवरा पूबालन हायस्कुलात उपमुख्याध्यापक आणि भौतिकशास्त्राचा मास्तर. शर्यतीला तोही जायचा, पण उन्हाची टोपी आणि डबा घेऊन लांब कठड्याशी बसायला. गाडीत बसायला नाही. वेग या विषयावर तो आयुष्यभर फळ्यावर बोलला होता, तेवढं त्याला पुरे होतं.

या वेळच्या शर्यतीचं प्रकरण मात्र निराळं होतं. तिलोचा मावसभाऊ कुमरेसन भंगारातल्या गाड्यांचे सुटे भाग विकायचा आणि स्वतःची पिवळी गाडी पळवायचा. गेल्या दिवाळीच्या जेवणात त्यानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, ‘‘आमच्या तिलोला गाडी छान चालवता येते हं. मसाल्याच्या दुकानापर्यंत तर फारच छान!’’ सगळं खानदान खो खो हसलं. तिलोही हसली, आणि हसता हसता तिनं पैज लावली. पुरट्टासीचा उपासाचा महिना संपला की लगेचच्या रविवारी दोघांची शर्यत. जो हरेल त्यानं येत्या दिवाळीत त्याच माईकवर, त्याच नातेवाइकांसमोर म्हणायचं, ‘मला गाडी चालवता येत नाही,’ आणि मग पंगतीला वाढायचं. तेव्हापासून तिलो घरात पोळी लाटतानासुद्धा गिअर बदलल्यासारखा हात करायची.

आणि नेमकं शर्यतीच्या आधी इस्पितळानं तिला कसल्याशा प्रशिक्षणासाठी जोहान्सबर्गला पाठवलं. जाताना तिनं चिन्नम्माची किल्ली पूबालनच्या हातात ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही किल्ली त्याच्या हातात पहिल्यांदाच आली.

‘‘दोन दिवसांआड इंजिन चालू करायचं, गरम झालं की बंद करायचं. बाहेर काढायची नाही. शुक्रवारी मी येतेच आहे. कळलं?’’

‘‘कळलं. पण तिलो, ती खडखड...’’

‘‘ती तशीच बोलते. तू लक्ष नको देऊस,’’ असं म्हणून तिलो विमानतळाकडे गेली.

आता, भौतिकशास्त्राच्या माणसाला ‘लक्ष नको देऊस’ म्हणणं म्हणजे माकडाला केळं दाखवून ‘ते बघू नकोस’ म्हणण्यातला प्रकार. पहिल्याच संध्याकाळी त्यानं इंजिन चालू केलं. गाडी जागेवर उभी, गिअर कुठलाच नाही, आणि पोटातून आवाज यायला लागला. खड्‌खड्‌खड्‌खड्. पत्र्याच्या डब्यात कुणी चिंचोके हलवावेत तसा. पूबालननं कान दिला. मग क्लच दाबला, आणि आवाज गप्प! पाय काढला, पुन्हा खडखड. दाबला, गप्प. त्याला इतका आनंद झाला की तो बराच वेळ नुसता क्लच दाबत आणि सोडत बसला. कार्य आणि कारण! मुलांना समजावता समजावता घसा कोरडा पडतो, आणि इथे स्वतःच्या गॅरेजात, पायाखाली, फुकट!

त्याच क्षणी त्यानं ठरवलं, हा आवाज कुठून येतो ते बघायचं. नुसतं बघायचं. आणि जमलंच तर बंद करायचं. तिलो शुक्रवारी येईल, किल्ली फिरवेल, गाडी लोण्यासारखी मऊ चालेल, आणि ती म्हणेल, ‘पुबा, हे तू केलंस?’ या प्रश्नाचं उत्तर त्यानं आरशासमोर उभं राहून दोन-तीन प्रकारे म्हणूनही पाहिलं.

इंटरनेटवर अशा आवाजांची चर्चा करणारी मंडळी जगभर पसरलेली आहेत, हे त्याला तेव्हा कळलं. माणसं नोकऱ्या करतात, संसार करतात, आणि उरलेला सगळा वेळ एकमेकांच्या गिअरबॉक्सवर भांडतात. एकानं लिहिलं होतं, बेअरिंग गेलंय. दुसऱ्यानं लिहिलं होतं, पहिल्याला अक्कल नाही. तिसऱ्यानं दोघांनाही आधी बॅटरीची तार काढायला सांगितलं होतं. घरच्या घरी गिअरबॉक्स कसा उतरवावा याचा एक व्हिडिओही होता. त्यातल्या गृहस्थाचे सगळे बोल्ट हात लावल्याबरोबर निघत होते, शर्ट शेवटपर्यंत पांढरा होता आणि मागे बारीक संगीत चालू होतं. पूबालनला वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल.

रविवारी सकाळी गाडी स्टँडवर चढली तशी उजव्या अंगाचे सागी अंकल कुंपणाशी आले. सागी अंकल निवृत्त बस ड्रायव्हर. त्यात पुरट्टासी चालू, म्हणजे महिनाभर मटणाचं नाव नाही, त्यामुळे त्यांची जीभ मोकळीच होती.

‘‘काय मास्तर, काय झालं?’’

‘‘खडखड येते अंकल. बघतोय.’’

‘‘गास्केट,’’ अंकल म्हणाले.

‘‘अहो, तुम्ही ऐकलीसुद्धा नाहीत.’’

‘‘ऐकायचं काय त्यात? इतकी वर्षं बस चालवली. शेवटी गास्केटच निघतं. माझ्या गुडघ्याचंही गास्केटच गेलंय, पण डॉक्टर ऐकायला तयार नाही.’’

पूबालननं गिअरबॉक्सचं तेल काढलं. भांडं लहान आणि तेल जास्त, हा हिशेब उपमुख्याध्यापकानं करायला हवा होता, नाही केला. तेल उतारावरून सावकाश वाहत लोगी आंटीच्या फाटकापर्यंत गेलं. त्या तेलाला जो वास येतो तो इथे वर्णन करत नाही, जेवणाची वेळ असेल कुणाची. डाव्या अंगाच्या लोगी आंटी नाकाला पदर लावून बाहेर आल्या. पूबालनला त्या तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायच्या. ‘‘तंबी, माझ्या दारात पेरुमाळचा उपास चाललाय आणि तू हे काय नासकी अंडी सांडलीस?’’ पूबालननं वाळू आणून टाकली, माफी मागितली आणि पुन्हा गाडीखाली शिरला.

एक बोल्ट निघेना. इंटरनेटनं सांगितलं, गंजावरचं तेल मारा. सागी अंकल म्हणाले, शिव्या द्या. पूबालन आयुष्यात शिवी न दिलेला माणूस. त्यानं ‘मूर्खा’ एवढंच म्हणून बघितलं; बोल्ट हलला नाही. शेवटी अंकलनीच खाली वाकून बस डेपोतलं काहीतरी खास म्हटलं, पान्याला लाथ मारली आणि बोल्ट निघाला. निघाला तो उडाला, आणि भिंतीवर बसलेल्या माकडानं तो उचलला. माकड छपरावर गेलं. बोल्ट चावून बघितला, आवडला नाही, तरी परत दिला नाही. उपमुख्याध्यापक हात जोडून माकडाकडे बोल्ट मागतोय, हे दृश्य त्याच्याच शाळेतल्या आठवीच्या दोन मुलींनी फोनवर टिपलं. सोमवारी स्टाफरूममध्ये सगळे त्याच्याशी फारच प्रेमानं वागत होते.

गिअरबॉक्स सुटला तेव्हा तो नेमका पूबालनच्या पोटावर आला. आला म्हणजे पडला नाही, हळूच बसला आणि मग उठेना. पाठीवर पडलेला पूबालन, पोटावर गिअरबॉक्स, आणि वाकून बघणारे सागी अंकल.

‘‘अंकल, जरा उचला.’’

‘‘उचलतो, उचलतो. पण आधी लक्षात घे, चूक कुठे झाली. आमच्या डेपोत एक नायडू होता, त्याच्यावर असंच...’’

त्या नायडूचं लग्न ठरून, मोडून, पुन्हा ठरेपर्यंत पूबालन गिअरबॉक्सखाली होता. पण त्याही अवस्थेत मान वाकडी करून तो आतले दात बघत होता. काय सुंदर कापले होते! एकाचा दात दुसऱ्याच्या खाचेत, जरासुद्धा भांडण नाही. त्याला वाटलं, असं काहीतरी आपण रोज खाली घेऊन फिरतो आणि बघत नाही, म्हणजे कमालच आहे.

क्लच काढल्यावर मागे जे चाक दिसलं ते पाहायला मात्र अंकलही खाली वाकले. ते इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाला बसवलेलं लोखंडी चाक. पुस्तकात ते जाडजूड असतं. पूबालननं फळ्यावर ते शेकडो वेळा काढलं होतं, खडू आडवा धरून. हे मात्र ताटलीसारखं पातळ होतं. काठ खाल्ल्यासारखे, आणि सगळीकडे भोकं.

‘‘गंज,’’ सागी अंकल म्हणाले. ‘‘डर्बनची समुद्राची हवा. लोखंड खाते.’’

‘‘पण अंकल, भोकं इतकी गोल कशी? आणि सगळी सारखी?’’

‘‘हवा आहे मास्तर. सगळीकडून सारखीच येते.’’

पूबालनच्या मनात काहीतरी टोचलं. अशी शंका वर्गात कुणी काढली असती तर त्यानं त्या मुलाला पुढच्या बाकावर बसवलं असतं. पण मंगळवार उलटून गेला होता, हात तेलानं माखले होते, आणि खडखडीचं कारण सापडल्याचा आनंद एवढा होता की त्यानं शंकेला मागच्या बाकावर पाठवून दिलं. चाक झिजलं, म्हणून सगळं सैल, म्हणून खडखड. झालं!

तो ते चाक धुवून कुंपणावर वाळत ठेवत होता तेव्हा लोगी आंटी बघत होत्या.

‘‘हे काय रे तंबी?’’

‘‘चाक आहे आंटी. हे फिरतं म्हणून बाकीचं सगळं फिरत राहतं. आता काही उपयोगाचं नाही.’’

‘‘मग मला दे. माझ्या दिव्याखाली ठेवायला होईल.’’

तेलाच्या वासाचा गुन्हा डोक्यावर होताच. पूबालननं दोन्ही हातांनी चाक आंटींना दिलं.

नवं चाक आणायला तो कुठे गेला असेल? अर्थात घरच्या माणसाकडे. कुमरेसननं फोनवरचा फोटो बघितला. मग पुन्हा बघितला. मग त्यानं खुर्ची पुसली, चहा मागवला आणि आपल्या मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘मच्चान, हे तर पार गेलंय! तिलो यावर गाडी पळवत होती? देवानं वाचवलं रे.’’

‘‘मलाही तेच वाटलं,’’ पूबालन म्हणाला. पैज-बिज असली तरी शेवटी रक्ताचं नातं, हे पाहून त्याला अगदी भरून आलं.

‘‘हे घे. कंपनीचं अस्सल, जाडजूड. पैसे? बहिणीच्या गाडीला पैसे घेऊ का मी? फक्त ते जुनं मला आणून दे, मी टाकून देतो.’’

‘‘ते दिलं शेजारी.’’

‘‘उत्तम केलंस,’’ कुमरेसन म्हणाला आणि त्याला फाटकापर्यंत सोडायला आला. जड चाक त्यानं स्वतःच्या हातानं डिकीत ठेवलं.

इकडे घरासमोर निराळीच जत्रा भरली होती. मास्तरांचं गॅरेज उघडं आहे आणि आत गिअरबॉक्स उतरलाय, ही बातमी चढावरून खाली गेली होती. आता गल्लीत गाड्यांची रांग लागली. कुणाची शिटी वाजते, कुणाची गाडी डावीकडे ओढते, एकाची तर काहीच तक्रार नव्हती, तो नुसता रांग बघून थांबला होता. पूबालनला नाही म्हणवेना. खरं सांगायचं तर त्याला नाही म्हणायचंच नव्हतं. प्रत्येक गाडीत निराळा आवाज! तो एकेकीच्या बॉनेटला कान लावून ऐकायला लागला.

अशा अवस्थेत पालिकेचे मिस्टर शांगासे येऊन उभे राहिले. नीट इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल.

‘‘इथे विनापरवाना वर्कशॉप चालतं अशी तक्रार आहे.’’

‘‘साहेब, मी शिक्षक आहे.’’

शांगासेंनी त्याच्या तेलकट हातांकडे, गाड्यांच्या रांगेकडे आणि स्टुलावर बसून नंबर पुकारणाऱ्या सागी अंकलकडे बघितलं. ‘‘रहिवासी भागात व्यवसाय करायचा तर शेजाऱ्यांची संमती, सांडपाण्याचा नकाशा, अग्निशमन दाखला, आणि गिऱ्हाइकांसाठी स्वच्छतागृह लागतं.’’

‘‘पण हा व्यवसाय नाही. मला फक्त कुतूहल आहे.’’

शांगासेंनी फाइल उघडली, पानं उलटली, आणि मिटली. ‘‘कुतूहलासाठी आमच्याकडे अर्ज नाही,’’ ते थोडे खिन्न होऊन म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘शनिवारी पुन्हा तपासणीला येईन, तोवर हे बंद झालं पाहिजे. आणि बंद करण्याआधी... माझी गाडी जरा ऐकाल का? चढावर रडते हो.’’ पूबालननं ऐकली. पट्टा ढिला होता. तो त्यानं घट्ट करून दिला.

गुरुवारी अंधार पडायच्या आत गाडी जोडून झाली. किल्ली फिरवली. शांतता! खडखड नाही, खुडखुड नाही, मांजर झोपेत गुरगुरावं तेवढाच आवाज. पूबालनच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. सागी अंकलनीही मान्य केलं की गास्केट नसताना गाडी दुरुस्त होण्याची ही पहिलीच वेळ. एक माकडानं नेलेला आणि दोन कुठले ते न कळलेले, असे तीन बोल्ट कमी-जास्त झाले होते, पण आनंदाच्या प्रसंगी त्याची चर्चा नको.

शुक्रवारी दुपारी तिलो आली. बॅग दारात टाकली आणि थेट गाडीत जाऊन बसली. किल्ली फिरवली. तिचा चेहरा बदलला. ती गाडी घेऊन चढावर गेली आणि परत आली. पूबालन दारात उभा होता, आरशातलं उत्तर ओठांवर तयार ठेवून.

‘‘पुबा,’’ ती म्हणाली. ऑपरेशन संपत आलं असताना एक कापसाचा बोळा कमी भरतोय, हे सर्जनला सांगायचा तिचा जो आवाज होता, त्या आवाजात. ‘‘हिची वाचा कुठे गेली?’’

‘‘गेली ना! खडखड गेली! चाक झिजलं होतं तिलो, पार भोकं पडली होती. मी बदललं. स्वतः!’’

तिलो गाडीतून उतरली आणि पायरीवर बसली. ‘‘ती भोकं मी पाडून घेतली होती.’’

‘‘क-काय?’’

‘‘चाक हलकं करायला. हलकं चाक झटकन वेग घेतं. जड चाक इंजिनाचे धक्के पोटात घालतं, म्हणून आवाज येत नाही. हलकं घालत नाही, म्हणून गिअरचे दात उभ्या उभ्या खडखडतात. अरे, शर्यतीच्या गाड्या सगळ्या अशाच बोलतात! वर्षभर साठवून केलं होतं मी ते. आता ही उठतच नाही जागेवरून. बस झाली आहे हिची, बस!’’

‘‘बसला नावं ठेवू नका,’’ कुंपणापलीकडून सागी अंकल म्हणाले.

पूबालन तिथेच उभा राहिला. जडत्व! चाक जितकं जड आणि जितकं वजन काठाशी, तितकं ते फिरवायला अवघड. दर वर्षी, जून महिन्यात, तोच धडा, तोच विनोद, तीच चित्रं. आणि त्याच धड्याची वस्तू हातात घेऊन त्यानं धुतली, पुसली आणि दिव्याखाली ठेवायला दिली. लाज वाटत होतीच, पण लाजेच्या आतून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते दाबणं त्याला जमेना.

‘‘तिलो,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘काठाचंच वजन काढलं होतंस ना? मधलं नाही?’’

‘‘काठाचंच. का?’’

‘‘वा!’’ असं त्याच्या तोंडून निघून गेलं. तिलोनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुढचा प्रश्न गिळला.

‘‘नवं चाक कुणी दिलं?’’ तिनं विचारलं.

‘‘कुमरेसननं. फुकट. चहासुद्धा पाजला.’’

आता मात्र तिलो उठली. ‘‘माझं चाक कुठे आहे?’’

लोगी आंटीच्या अंगणात पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या, तसबिरीसमोर ते चाक उभं होतं. हळद लावलेलं, कुंकवाचे ठिपके प्रत्येक भोकाभोवती, झेंडूची माळ, पुढे तिळाच्या तेलाचा दिवा. ‘हे फिरतं म्हणून सगळं फिरत राहतं,’ असं मास्तर स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते. मग ते पेरुमाळच्या हातातलं चक्र नाही तर काय? दिव्याखाली ठेवायची आंटीची छाती झाली नाही.

‘‘आंटी, ते माझं आहे,’’ तिलो म्हणाली.

‘‘कापूर दाखवला बाई. आता त्याचं.’’

‘‘परवा शर्यत आहे हो माझी. नाहीतर दिवाळीत माईकवर...’’

‘‘ठाऊक आहे मला. त्या कुमरेसनचं बोलणं मीही ऐकलंय, तेव्हा जिलबी वाढत होते मी. फार लागलं होतं मला.’’ आंटींनी चक्रावरची माळ सरळ केली. ‘‘पण देवाची जागा रिकामी ठेवू?’’

‘‘रिकामी नाही, आंटी. दुसरं देते. जाडजूड, अस्सल, भंगाराच्या मालकानं स्वतःच्या हातानं दिलेलं.’’

‘‘त्याला भोकं आहेत?’’

‘‘नाहीत. पण वजनदार आहे. देवाला हलकं कशाला द्यायचं?’’

हे आंटींना पटलं. अट एकच. उद्या पुरट्टासीचा शेवटचा शनिवार. संध्याकाळची पूजा होऊन दिवा आपला आपण शांत झाल्याशिवाय चक्र हलणार नाही. आणि शर्यतीआधी चारही चाकांखाली लिंबं त्या स्वतः ठेवणार.

शनिवारी गिअरबॉक्स पुन्हा उतरला. या वेळी गाडीखाली तिलो होती आणि बाहेर, गुडघ्यांवर, पान्यांचं ताट घेऊन पूबालन.

‘‘तेरा.’’

‘‘तेरा.’’

‘‘हा बारा आहे. सर्जनला मी असं दिलं असतं तर माणूस मेला असता. सतरा. पूस माझं कपाळ.’’

पूबालन कपाळ पुसायचा आणि मधूनच विचारायचा, ‘‘हे कशासाठी असतं? हे उलटं फिरलं तर?’’ पहिल्यांदा तिलो चिडली. मग सांगायला लागली. मग स्वतःहून सांगायला लागली. इतक्या वर्षांत रात्रीच्या जेवणाला दोघं शाळेवर आणि इस्पितळावर बोलली होती. चिन्नम्माच्या पोटावर कधीच बोलली नव्हती, कारण त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

गिअरबॉक्स सुटायच्या वेळी नेमके शांगासे तपासणीला आले. ‘‘वर्कशॉप बंद झालंय का?’’ असं विचारायला ते वाकले आणि तिलोनं खालून ओरडून सांगितलं, ‘‘धरा! धरा!’’ इस्त्रीच्या शर्टासकट शांगासेंनी गिअरबॉक्स पोटाशी कवटाळला. सागी अंकलनी नायडूच्या लग्नाची गोष्ट सुरू केली. गिअरबॉक्स जमिनीवर टेकल्यावर शांगासेंनी शर्टाकडे बघितलं, फाइल काढली आणि लिहिलं, ‘पाहणी केली. व्यवसाय आढळला नाही.’ मग म्हणाले, ‘‘उद्या शर्यत किती वाजता आहे?’’

पूजा झाली, दिवा शांत झाला, आणि आंटींनी चक्र पदरात घेऊन आणलं. तिलोनं काठ आणि पृष्ठभाग बोटानं तपासला. कुठे वाकलं नव्हतं. पण हळद, कुंकू आणि तिळाचं तेल! तेलाचा थेंब राहिला तरी क्लच घसरणार. पूबालननं चाक मांडीवर घेतलं आणि एकेक भोक चिंधीनं असं पुसलं की तिलोलाही खोट काढता येईना. रविवारी सकाळी चिन्नम्मा जोडून झाली. किल्ली फिरवली.

खड्‌खड्‌खड्‌खड्.

पूबालनला तो आवाज पहिल्यांदाच कळला. आधी तो फक्त ऐकला होता.

पट्टीवर दुपारी बरीच गर्दी होती. महिनाभरानं मटण सुटल्यामुळे सागी अंकल पोखरलेल्या पावातलं झणझणीत मटण चापत होते आणि जगाला माफ करत होते. लोगी आंटींनी चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, नारळ फोडला. शेजारी पिवळी गाडी घेऊन कुमरेसन टेकून उभा होता, अगदी निवांत. जड चाक बसवलेल्या गाडीशी शर्यत आहे, अशी त्याची पक्की खात्री.

‘‘काय मच्चान, छान वाटतंय ना आता?’’

‘‘फार छान,’’ पूबालन म्हणाला. टोपी आणि डबा त्यानं आंटीच्या हातात दिला, दार उघडलं आणि तिलोच्या शेजारी बसला.

‘‘तू?’’ तिलो म्हणाली.

‘‘बघायचंय मला,’’ तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी सीट धरली.

दिवा हिरवा झाला. लिंबं चेचली गेली. पूबालनचं डोकं मागे आपटलं, पोट मणक्याला लागलं, आणि सुई अशी वर गेली की त्यानं फळ्यावर काढलेल्या कुठल्याच रेषेत ती बसली नसती. तो ओरडत होता. भीतीनं असावं असं आधी तिलोला वाटलं. पण तो ओरडत होता, ‘‘काठाचं वजन! तिलो, काठाचं वजन!’’ गाडीत हळद भाजल्याचा बारीकसा वास सुटला. पिवळी गाडी शेजारी होती, मग थोडी मागे, मग आरशात. रेघ ओलांडली तेव्हा चिन्नम्मा अर्ध्या लांबीनं पुढे होती.

दोघं परत येऊन उभी राहिली तर गर्दीत आरडाओरडा चालला होता. मिस्टर शांगासे कुणाला तरी सांगत होते, तो गिअरबॉक्स मी धरला होता. लोगी आंटी रडत होत्या आणि डब्यातलं सगळ्यांना वाटत होत्या. कुमरेसन उतरला, चालत आला, आणि चिन्नम्माच्या बॉनेटपाशी थबकला. इंजिन जागेवर चालू होतं.

त्यानं मान वाकडी करून ऐकलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तरीही शेवटचा प्रयत्न म्हणून तो म्हणाला, ‘‘तिलो, तुझ्या गाडीत काहीतरी खडखडतंय हं. बघून घे.’’

तिलो काही बोलणार तेवढ्यात शेजारच्या खिडकीतून पूबालननं डोकं बाहेर काढलं. केस उभे, चष्मा वाकडा, कपाळावर लिंबाचा रस.

‘‘ती तशीच बोलते,’’ तो म्हणाला. ‘‘तू माईकवर काय बोलायचं ते बघ.’’